पंतोजींच्या शाळेंतील विद्येचें माप

विद्यार्थ्यानें शाळा सोडतांना नेमकें काय करून दाखवावें हें आधीं ठरवावें व मग शिकविण्याचा क्रम आंखावा, हा विचार अलीकडचा म्हणून सांगण्यांत येतो. जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस तो तितकासा नवा वाटणार नाहीं.

सावदा हें खानदेशांतील, सांप्रत जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांतील, गांव. इ. स. १७६३ मध्यें तें निजामाकडून पेशव्यांकडे आलें व पुढें सरदार रास्ते यांस मिळालें. १८१८ मध्यें खानदेशावर इंग्रजांचा अंमल बसला. अशा गांवीं पाटील, कुळकर्णी, सावकार व रयत यांचा व्यवहार मोडी कागदांवर चाले आणि पंतोजींच्या शाळेचा क्रम त्या व्यवहारानेंच ठरविलेला असे. धूळपाटीवर अक्षरें, मग मोडीचें वळण, नंतर पत्राचा मायना व जमाखर्च. पाढ्यांसह पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी मुखोद्गत करवीत. चाळीस शेरांचा मण व सोळा आण्यांचा रुपया असल्यावर हिशेब अपूर्णांकांतच पडणार. साडेतीन रुपये मणाचा माल नऊ मण घेतला, तर औटकी येणारा मुलगा साडेएकतीस रुपये तोंडीं सांगे.

हें साध्य होत असे काय? मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ मध्यें लिहिलें आहे कीं, येथील सामान्य शेतकरी व लहान दुकानदारही आपला हिशेब ज्या अचूकपणें ठेवितात तो विलायतेंतील खालच्या वर्गांत आढळत नाहीं. या साक्षीस दुसरी बाजू आहे. मुलींस व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस हीं दारें बहुधा बंदच होतीं. साध्य स्पष्ट होतें. तें कोणासाठीं, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाहीं.

१८५२ मध्यें महसुली मोजणी आली तेव्हां सावदा व फैजपूर या भागांतील रयतेनें तिला उघड विरोध केला. यापुढें जमिनीचा धारा मोजणीच्या कागदांवर ठरावयाचा होता. तो कागद वाचतां येणें रयतेस चैन नव्हती. जोतीराव फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनास दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळांसाठीं मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब, शेतीचें ज्ञान, नीति व आरोग्य हे विषय मागितले, ते याच गरजेस धरून. शिवाय हें शिक्षण सर्वांस मिळावें असा त्यांचा आग्रह होता.

इंग्लंडांत १८६२ पासून परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धति पडली. मुंबई इलाख्यानेंही ती पुढें उचलली. येथेंही साध्य स्पष्टच होतें, पण माप तपासनिसाच्या एका दिवसाच्या भेटीचें. पंतोजींच्या शिष्याची परीक्षा बाजारांत रोज होई. आमच्या मतें दोहोंतील खरा भेद हाच.

स्वातंत्र्यानंतर मोडी शालेय क्रमांतून गेली. एक साध्य यादींतून वगळल्यानें घरोघरचे रुमाल मुके झाले. नातवास आजोबांचें खत वाचतां येईना. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था असतां खानदेशांतील कागद रद्दींत जावे हें उचित नव्हे. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते जाणकारांस दाखवावे, आणि निदान एका मुलास तरी मोडी शिकवावी, ही आमची विनंति आहे.