अच्युत कानविंदे : जीवन, स्थापत्यविचार आणि वास्तू

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या उभारणीचा इतिहास लिहिताना धरणे, पोलाद कारखाने, प्रयोगशाळा आणि तंत्रशिक्षण संस्था यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. मात्र या संस्था ज्या वास्तूंमध्ये नांदल्या, त्या कोणी आणि कोणत्या विचाराने उभारल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास जे नाव वारंवार समोर येते, ते कोकणपुत्र अच्युत कानविंदे (१९१६–२००२) यांचे होय. भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

कानविंदे यांची आधुनिकता ही परदेशातून आणलेली शैली नव्हती, तर वास्तूविषयी प्रश्न विचारण्याची एक पद्धत होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि घरकुले यांचे बांधकाम ज्या भागात आजही विकासाचे मुख्य अंग आहे, त्या डहाणू-तलासरीसारख्या प्रदेशाला ही पद्धत काय देऊ शकते, याचाही येथे विचार केला आहे.

जीवनपट

कानविंदे यांचा जन्म आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे या गावी १९१६ मध्ये झाला. बालपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील चित्रकार असून मुंबईत कलाशिक्षक होते. चित्रकलेचा हा वारसा घेऊन कानविंदे यांनी १९३५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील वास्तुकला विभागात प्रवेश घेतला. त्या वेळी विभागाची धुरा क्लॉड बॅटली यांच्याकडे होती. हवामान आणि स्थानिक बांधकाम परंपरा यांच्या डोळस अभ्यासावर बॅटली यांचा भर असे.

१९४२ मध्ये शिक्षण पूर्ण झाल्यानंतर कानविंदे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या सेवेत आले. नव्या प्रयोगशाळा उभारण्यासाठी प्रशिक्षित वास्तुविशारदांची निकड होती. म्हणून १९४५ मध्ये शासनाने त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे त्यांना वाल्टर ग्रोपियस यांचे मार्गदर्शन लाभले. ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये जर्मनीत ‘बाउहाउस’ या संस्थेची स्थापना केली होती. कला, कारागिरी व यंत्रोत्पादन यांची सांगड, सामूहिक काम आणि उपयुक्ततेला प्राधान्य ही त्यांच्या शिकवणीची सूत्रे होती. १९४७ मध्ये मायदेशी परतल्यावर कानविंदे यांनी परिषदेचे वास्तुविशारद म्हणून काम पाहिले आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासमवेत दिल्लीत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. भारतीय वास्तुविशारद संस्थेचे बाबूराव म्हात्रे सुवर्णपदक त्यांना १९८५ मध्ये प्राप्त झाले. डिसेंबर २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्थापत्यविचार

स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकात ‘राष्ट्रीय’ वास्तुशैली कोणती असावी, हा वादाचा विषय होता. शासकीय इमारतींवर घुमट, छत्र्या आणि कमानी बसविल्या म्हणजे त्या भारतीय झाल्या, असे मानणारा एक प्रवाह होता. मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्ली येथे वास्तुकलेवर परिसंवाद आयोजित केला. कानविंदे त्याचे संयोजक होते आणि उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले. गतकाळाच्या अनुकरणापेक्षा वर्तमानाच्या गरजांतून वास्तू घडावी, ही भूमिका कानविंदे यांनी आपल्या कामातून सातत्याने मांडली.

त्यांची रचनापद्धती थोडक्यात सांगावयाची तर ती अशी : प्रथम इमारतीत होणाऱ्या कार्याचे बारकाईने विश्लेषण करावयाचे; मग स्तंभांची एक नियमित जाळी आखावयाची; आणि जमिनीचा उतार, वारा, प्रकाश व माणसांची ये-जा यांच्या अनुरोधाने त्या जाळीतून वास्तूला आकार द्यावयाचा. भार स्तंभांवर असल्याने भिंती मोकळ्या होतात, गरजेप्रमाणे हलविता येतात आणि पुढील विस्ताराला वाव राहतो. आकार हा या पद्धतीचा आरंभ नसून तिचा परिणाम आहे. एच. जेम्स मिलर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला भारतातील शैक्षणिक परिसरांच्या रचनेवरील ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. शैक्षणिक परिसर म्हणजे सुट्या इमारतींची गोळाबेरीज नव्हे, हा विचार त्यांच्या या क्षेत्रातील कामामागे आहे.

प्रमुख वास्तू

अहमदाबाद येथील वस्त्रोद्योग संशोधन संस्था (अटिरा) आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळा या १९५० च्या दशकारंभीच्या वास्तूंवर हार्वर्डचा ठसा स्पष्ट दिसतो. आडवा विस्तार, सपाट छप्पर आणि अलंकरणाचा अभाव ही त्यांची वैशिष्ट्ये होत. येथे शिस्त आहे. परंतु स्थानिक हवामानाशी पुढे जो खोल संवाद झाला, त्याची ही केवळ सुरुवात होती.

हा संवाद कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रौढ झाला. या संस्थेचे पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर होते, तेथील ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे. कानविंदे यांनी १९६० च्या दशकात येथे उघड्या काँक्रीटचा सांगाडा आणि विटांचे भराव वापरले. ग्रंथालय, व्याख्यानगृहे व विभाग उंचावरील छायाच्छादित मार्गांनी जोडले. उत्तर भारतातील कडक उन्हाळ्यात विद्यार्थ्याला सावलीतून चालता यावे आणि चालताना दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याची गाठ पडावी, असे दोन हेतू एकाच मार्गाने साधले.

मेहसाणा येथील दूधसागर डेअरी (१९७०–७३) ही त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली वास्तू होय. दूध वरच्या पातळीवर घेऊन प्रक्रियेच्या टप्प्यांतून गुरुत्वाकर्षणाने खाली आणावे, या कल्पनेवर संपूर्ण रचना बेतली आहे. आतील उष्णता व वाफ बाहेर जावी म्हणून उंच वायुमार्ग उभारले गेले आणि त्यांनीच इमारतीची आकाशरेषा निश्चित केली. दुरून एखाद्या किल्ल्यासारखी दिसणारी ही वास्तू प्रत्यक्षात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा कारखाना आहे. अलंकार म्हणून येथे काहीही लावलेले नाही. तरीही ती स्मरणात राहते.

मुंबईतील नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) आणि दिल्लीतील राष्ट्रीय विज्ञान केंद्र (१९९२) या वास्तूही त्यांच्याच. दिल्लीच्या इस्कॉन मंदिरात (१९९८) मात्र त्यांनी शिखरांची परंपरागत भाषा स्वीकारली. यास विसंगती म्हणण्यापेक्षा कार्यानुसार रूप बदलते, या त्यांच्या भूमिकेचा तो विस्तार मानणे अधिक योग्य ठरेल.

मूल्यमापन

कानविंदे यांच्या कामाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. उघडे काँक्रीट पावसाळी प्रदेशात शेवाळते, काळवंडते आणि दिवसभर शोषलेली उष्णता रात्री परत देते. नियमित देखभालीविना अशा वास्तू लवकर जीर्ण दिसू लागतात आणि मग त्या पाडण्याची भाषा सुरू होते. दिल्लीतील राज रेवाल यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे १९७२ चे प्रदर्शनगृह २०१७ मध्ये पाडण्यात आले. स्वातंत्र्योत्तर वास्तूंना आपण अद्याप वारसा मानत नाही, याचे ते ठळक उदाहरण होय.

डहाणू-तलासरीच्या संदर्भात

या तालुक्यांतील वारली समाजाचे पारंपरिक घर कानविंदे यांच्या कसोटीवर तपासण्यासारखे आहे. लाकडी खांबांचा सांगाडा, कारवीच्या काठ्यांचा शेणामातीने लिंपलेला कूड आणि उतरते छप्पर अशी त्याची रचना असते. भार खांबांवर आणि भिंत केवळ आडोसा, हे स्तंभ-जाळीचेच तत्त्व येथे शाळेविना सिद्ध झाले आहे. कूड हवा खेळती ठेवतो आणि वजनाने हलका असतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा या हलकेपणाचे महत्त्व नव्याने लक्षात आले. भिंत जितकी जड, तितका धक्क्याचा भार अधिक आणि ती कोसळल्यास धोकाही मोठा.

याच भूमीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिक्षणाविषयी असाच मूलगामी प्रश्न विचारला होता. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाकडे का जाऊ नये? बोर्डी व कोसबाड येथील अंगणवाडी आणि कुरणशाळा हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. तेथे इमारतीआधी मुलाचा विचार झाला.

समारोप

कूड सर्वत्र टिकविता येणार नाही. कारवी, लाकूड आणि गवत आता सहज मिळत नाही, आणि पक्क्या घराची अपेक्षा न्याय्य आहे. परंतु मुसळधार पाऊस, दमट उष्मा, भूकंपप्रवणता आणि ओटी-अंगणात बसण्याची सवय यांचा विचार न करता एकच नमुना आराखडा राबविला गेला, तर नवी इमारत पक्की असूनही परकी राहील. कानविंदे यांची पद्धत येथे उपयोगी पडते. आत काय घडणार आहे, वारा कोठून येतो, जमीन कशी आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच आराखड्याची पहिली रेषा ओढावयाची. येथील आश्रमशाळेच्या वर्गखोलीत दुपारी बसणाऱ्या मुलासाठी हा केवळ अभ्यासविषय नसून त्याच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न आहे.