प्रिम्नेशियम पार्व्हम : वाणांमधील जनुकीय विविधता

मचूळ व खाऱ्या पाण्यात वाढणारे, हॅप्टोफायटा गटातील एकपेशीय सोनेरी शैवाल. नेली कार्टर यांनी १९३७ मध्ये या जातीचे वर्णन केले. पेशी जेमतेम १० मायक्रोमीटर लांबीची. पण तिच्यातील प्रिम्नेसिन हे विष माशांच्या कल्ल्यांतील पेशींची पटले फोडते आणि मासे पाण्यातच गुदमरतात. २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड-जर्मनी सीमेवरील ओडर नदीत या शैवालाच्या बहराने सुमारे ३६० टन मासे मेले. खाणींतून सोडलेल्या क्षारयुक्त सांडपाण्यामुळे ती नदी त्याला मानवली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली या शैवालाचे सगळे वाण सारखेच दिसतात. विष मात्र एक नाही. प्रिम्नेसिनाच्या कार्बन-साखळीवरून ए, बी आणि सी असे प्रकार पडतात. टेक्सासमधील १२बी१ या वाणात ए प्रकार आढळतो, ओडरच्या वाणात बी.

हा फरक किती खोलवर गेला आहे, हे जेनिफर वाइजकेव्हर व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १५ वाणांचे जनुकसंच तपासून दाखवले. निरनिराळ्या वाणांतील डीएनए ११.५ कोटींपासून ८४.५ कोटी आधारकजोड्यांपर्यंत भरला. काही वाण एकगुणित (जनुकसंचाची एकच प्रत असलेले), काही द्विगुणित (दोन प्रतींचे), तर काही बहुगुणित निघाले. पण संचांच्या संख्येने सगळा फरक उलगडत नाही : वेगळे विष बनवणाऱ्या वाणांत एकगुणित संचाच्या आकारातही २४.३ कोटी जोड्यांपर्यंत तफावत होती. जनुकसंचात स्वतःच्या प्रती पेरत जाणाऱ्या डीएनए-घटकांचा त्यात मोठा हात आहे. सर्वांत लक्षवेधी ठरला तो यूटेक्स २७९७. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वापरला जाणारा हा टेक्सासचा वाण दोन वेगळ्या वंशशाखांचे संच बाळगणारा संकर निघाला. एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

विषनिर्मितीची जनुकेही अजस्र आहेत. २०२४ मध्ये १२बी१ मध्ये सापडलेले पीकेझिला-१ हे विकर ४७ लाख डाल्टन वस्तुमानाचे असून तोवर सर्वांत मोठे मानल्या गेलेल्या, स्नायूंतील टायटिन या प्रथिनालाही मागे टाकते.

वाणावाणांतील या फरकांमुळे एका वाणावरील प्रयोगातून ठरवलेली क्षारतेची किंवा पेशीसंख्येची धोकापातळी दुसऱ्या नदीला जशीच्या तशी लावणे चुकीचे आहे. देखरेखीत पेशी मोजण्याबरोबरच डीएनए चाचणीने वाण ओळखणे आवश्यक आहे.