पाय पाळण्यात किती दिसतात?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणून जातो. विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या शिक्षणतज्ज्ञांनी हे पाय मोजपट्टी लावून मोजायचे ठरवले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची चाचणी घ्यायची आणि पुढे कोण किती शिकेल, हे त्यावरून सांगायचे. आपल्याकडच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असते. गटात न बसणारा शब्द शोधा, सांकेतिक भाषा उलगडा, हे तिच्यातले प्रश्न त्याच घराण्यातले. तेव्हा तो प्रयोग कसा झाला, हे आपणही समजून घेण्यासारखे आहे.

त्याची सुरुवात चांगल्या हेतूने झाली. इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलँड नावाचा परगणा आहे. माध्यमिक शाळांतल्या मोफत जागांसाठी तिथे परीक्षा होई. पण आडवळणाच्या कितीतरी खेड्यांतून एकही मूल तिला बसत नसे. त्या खेड्यांत हुशार मुले नव्हती, की त्यांच्यापर्यंत कोणी पोचतच नव्हते? गॉडफ्रे थॉमसन हे प्राध्यापक स्वतः गरीब घरातले, शिष्यवृत्तीच्या बळावर शिकलेले. १९२१ च्या सुमारास त्यांनी शाळेतल्या पाठांतरावर फारशी अवलंबून नसलेली चाचणी तयार केली. चाचणी दार उघडण्यासाठी होती, हे ध्यानात ठेवावे.

पुढे थॉमसन एडिंबरा इथे गेले. तिथल्या मोरे हाउस या संस्थेच्या नावाने त्यांच्या चाचण्या ओळखल्या जाऊ लागल्या. १ जून १९३२ रोजी स्कॉटलंडने एक अचाट काम केले. १९२१ साली जन्मलेल्या आणि त्या दिवशी शाळेत हजर असलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांना एकच चाचणी दिली. मुले होती ८७ हजार ४९८ आणि वेळ होता पाऊण तास. निकालाच्या वह्या जपून ठेवल्या गेल्या. पुढे लोक त्या विसरूनही गेले.

१९९० च्या दशकात इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॉली या संशोधकांना त्या वह्यांचे मोल कळले. १ जून १९९८ रोजी, बरोबर ६६ वर्षांनी, अॅबर्डीन शहरात त्या पिढीतले १०१ जण पुन्हा तीच चाचणी द्यायला बसले. सारे सत्त्याहत्तरीच्या घरातले. लहानपणीचे आणि म्हातारपणीचे गुण यांचा सहसंबंध भरला ०.६३. इथे १ म्हणजे तंतोतंत मेळ आणि शून्य म्हणजे काहीच संबंध नाही. इतक्या वर्षांच्या अंतरानंतर हा आकडा मोठाच म्हणायचा.

शालेय यशाचे काय? २००७ साली डिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ७० हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. अकराव्या वर्षीची बुद्धिमत्ता आणि सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेतली एकूण कामगिरी यांचा सहसंबंध सुमारे ०.८ निघाला. म्हणजे चाचणी थोतांड नव्हे. पण आकडा नीट वाचायला हवा. गणितातल्या गुणांमध्ये मुलामुलांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे ५९ टक्के या बुद्धिमत्तेवरून सांगता आला. चित्रकलेत जेमतेम १८ टक्के. हजारो मुलांच्या घोळक्याबद्दल चाचणी बरेच काही सांगते. एकट्या मुलाबद्दल मात्र ती केवळ अंदाज देते.

नेमका हाच फरक इंग्लंडमध्ये नजरेआड झाला. १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत मिळाले. मग अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून वाटण्या होऊ लागल्या. वरचे गुण असलेले ग्रामर स्कूलमध्ये, बहुतेक बाकीचे ‘सेकंडरी मॉडर्न’मध्ये. पहिल्या वाटेने विद्यापीठ गाठता येई. दुसऱ्या वाटेची बहुतेक मुले पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागत. बरे, रेषा सगळीकडे सारखी नव्हती. कुठे शंभरातल्या पंधरा मुलांना जागा, तर कुठे चाळिसांना. त्यामुळे तेवढेच गुण मिळवणारे मूल एका जिल्ह्यात पास तर दुसऱ्यात नापास!

१९५७ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने हिशेब मांडला. निवड कितीही काळजीपूर्वक केली, तरी साधारण दहातले एक मूल चुकीच्या शाळेत जाते, असे तिला आढळले. शेकड्यात ही चूक लहान दिसते. पण दर वर्षी हजारो घरांत तिचा अर्थ एका मुलाचे आयुष्य असा होता.

यात आणखी एक मेख होती. ज्याला कमी गुण, त्याला कमी शिकवणारी शाळा. तिथे मोठी परीक्षा देण्याची सोय बहुधा नसेच. मग ते मूल मागे राहिले, की लोक म्हणत, ‘पाहा, चाचणी खरी ठरली!’ पण रोपाला पाणीच द्यायचे नाही आणि ते वाढणार नव्हतेच असे म्हणायचे, यात भाकिताचे कौतुक कसले? काही सेकंडरी मॉडर्न शाळांनी हिंमत करून आपल्या मुलांना सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला बसवले, तेव्हा ‘नापास’ ठरलेल्यांतली कितीतरी मुले ती उत्तीर्ण झाली.

१९६५ साली सरकारने ही विभागणी थांबवण्याची सूचना स्थानिक प्रशासनांना केली. बहुतेक जिल्ह्यांनी हळूहळू ती मानली. तरी इंग्लंडमध्ये आजही १६३ सरकारी ग्रामर शाळा आहेत आणि प्रवेशाचा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडेही व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांच्या चाचणीची मराठी आणि कानडी रूपे तयार केली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. मागे पडणाऱ्या मुलांना वेळीच ओळखून खास मदत द्यावी, यासाठी १९०५ साली पॅरिसमध्ये बिने यांनी मूळ चाचणी रचली होती. बिने आणि थॉमसन, दोघांनाही त्या गुणांवरून मुलाला काहीतरी द्यायचे होते. लेकराच्या हातात चौथी-पाचवीचा निकाल पडेल, तेव्हा घरातल्यांनी एवढेच विचारावे: या गुणांवरून आता त्याला काय द्यायचे? त्याच्याकडून काय काढून घ्यायचे, हे ठरवण्याइतके ते गुण पक्के नसतात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)