सिंगापूरचे नवे भुयारी रेल्वेमार्ग : जंगलाखालून आणि धावत्या रुळांमधून

सिंगापूरच्या पूर्वेस चांगीजवळ सुरू होऊन पश्चिमेस जुराँगच्या दिशेने जाणारी क्रॉस आयलंड मार्गिका ही या शहरराष्ट्राची आठवी मेट्रो मार्गिका. तिची नियोजित लांबी 50 किलोमीटरहून अधिक असून ती संपूर्णपणे भुयारी आहे. जानेवारी 2013 मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा नकाशावर पूर्व-पश्चिम ओढलेली रेघ बेटाच्या मध्यावरील संरक्षित जंगलातून जात होती. त्या रेघेचा निर्णय व्हायला पुढे जवळपास सात वर्षे लागली. इमारत पाडून रस्ता रुंद करण्यात सहसा न रेंगाळणाऱ्या या शहराच्या मानाने हा काळ असाधारणच म्हणावा लागेल.

ते जंगल म्हणजे मॅकरिची जलाशयाच्या परिसरातील सेंट्रल कॅचमेंट राखीव वन, देशातील सर्वांत मोठे. पाणलोट क्षेत्र म्हणून राखले गेल्याने तेथे मूळ वर्षावनाचे अवशेष टिकून राहिले. ‘नेचर सोसायटी’ने 2013 मध्येच आपली भूमिका लेखी मांडली : भुयार जंगलाला वळसा घालून न्यावे. बोगदा खोल असला तरी त्याच्या आधी करावी लागणारी भूगर्भ-तपासणी पृष्ठभागावरच होते. छिद्रे पाडणारी यंत्रे, माणसे आणि चिखलपाणी जंगलातच उतरतात, हा आक्षेपाचा गाभा होता, आणि तो रास्त होता.

भूपरिवहन प्राधिकरणाने पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासाचा पहिला टप्पा फेब्रुवारी 2016 मध्ये खुला केला. आधी ठरवलेली 72 छिद्रे कमी करून 16 वर आणण्यात आली. भुयाराची खोली आरंभी सुमारे 40 मीटर कल्पिली होती. ती पुढे सुमारे 70 मीटरपर्यंत नेण्यात आली, म्हणजे साधारण पंचवीस मजली इमारत जमिनीत उलटी गाडावी इतकी.

दोन पर्याय समोर होते. सरळ मार्ग सुमारे 4 किलोमीटरचा, त्यांपैकी 2 किलोमीटर राखीव वनाखालून. वळशाचा मार्ग सुमारे 9 किलोमीटरचा. त्यात प्रवासाची सहा मिनिटे अधिक, खर्च सुमारे 2 अब्ज सिंगापूर डॉलरने अधिक, आणि काही भाग लोकांच्या घरांच्या निकट. 4 डिसेंबर 2019 रोजी सरकारने सरळ मार्ग स्वीकारला. वनाच्या हद्दीत पृष्ठभागावर कोणतेही बांधकाम होणार नाही, ही त्याची अट. निसर्गप्रेमींना हा निर्णय पूर्णतः मान्य झाला असे नव्हे. परंतु छिद्रांची संख्या आणि बोगद्याची खोली त्यांच्या आक्षेपांमुळेच बदलली, हे नाकारता येत नाही.

मराठी वाचकाला येथे आरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याच वर्षी, ऑक्टोबर 2019 मध्ये, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतर काही तासांतच मुंबईच्या मेट्रो-3 च्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाला ती थांबवावी लागली. दोन्ही ठिकाणी वाद जंगल आणि मेट्रो यांचाच. भेद इतकाच की सिंगापूरमध्ये तो कागदावर आणि छिद्रांच्या संख्येवर लढला गेला, मुंबईत न्यायालयात आणि रात्रीच्या अंधारात. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही 33.5 किलोमीटरची मार्गिका अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली.

जमिनीचा पोतही निर्णायक असतो. बेटाच्या मध्यभागी कठीण बुकित तिमा ग्रॅनाइट, पश्चिमेस जुराँगचे स्तरित खडक, तर किनारपट्टी आणि नदीमुखांलगत लोण्यासारखी मऊ सागरी चिकणमाती. ही माती किती दगा देऊ शकते, हे 20 एप्रिल 2004 रोजी निकोल हायवेवर दिसले. सर्कल मार्गिकेसाठी वरून खणलेल्या खड्ड्याचा तात्पुरता आधार कोसळला, महामार्गाचा तुकडा आत गेला आणि चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तात्पुरत्या आधाररचनांकडे कायम बांधकामाइतक्याच काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. पुढे थॉमसन–ईस्ट कोस्ट मार्गिकेच्या मरीना बे स्थानकासाठी धावत्या उत्तर-दक्षिण मार्गिकेच्या बोगद्यांखालून जाताना भोवतालची मातीच गोठवून घट्ट करण्यात आली. विषुववृत्ताजवळ जमिनीचा बर्फ करणे, ही कल्पना ऐकायला गमतीची वाटली तरी ती यशस्वी ठरली.

क्रॉस आयलंडचा पहिला टप्पा एव्हिएशन पार्क ते ब्राइट हिल, 29 किलोमीटर आणि 12 स्थानके, 2030 साठी नियोजित आहे. पुंगोल शाखा आणि टर्फ सिटी ते जुराँग लेक डिस्ट्रिक्ट हा दुसरा टप्पा 2032 साठी. चांगीजवळच्या एका भागात 12.6 मीटर व्यासाच्या यंत्राने एकच मोठा बोगदा खोदून त्यात दोन्ही दिशांचे रूळ बसवण्याची योजना आहे. दुसऱ्या टप्प्यातील किंग अल्बर्ट पार्क स्थानक सुमारे 50 मीटर खोल असेल.

नवे भुयार खोदण्यापेक्षा ते जुन्या जाळ्याला जोडणे अनेकदा अधिक जिकिरीचे असते. ताजे उदाहरण तानाह मेराहचे. पूर्व-पश्चिम मार्गिकेचे रूळ नव्या ईस्ट कोस्ट एकात्मिक आगाराला जोडण्यासाठी 29 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर 2025 असे दहा दिवस बेडोक ते टॅम्पिनीस आणि तानाह मेराह ते एक्स्पो या भागांत रेल्वे बंद ठेवली गेली. विमानतळाकडे निघालेल्यांची त्या दिवसांत बरीच तारांबळ उडाली. मात्र चालू रूळ कापून नवे रूळ, विद्युत आणि सिग्नल यंत्रणा बसवणे आणि त्यांची चाचणी घेणे हे रात्रीच्या तीन-चार तासांत उरकण्यासारखे काम नव्हे. या आगारात तीन मार्गिकांच्या गाड्या आणि त्यांसोबत बस एकाच जागी, मजल्यांवर मजले, राहणार आहेत. भूमी दुर्मीळ असलेल्या देशाचे हे उत्तर.

पुढील जोड याहून अवघड आहे. एक्स्पो आणि चांगी विमानतळ ही स्थानके असलेली शाखा पूर्व-पश्चिम मार्गिकेकडून काढून थॉमसन–ईस्ट कोस्ट मार्गिकेला द्यायची आहे. ती सुंगेई बेडोकहून विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलमार्गे येऊन तानाह मेराहला पोहोचेल. हे 2030 च्या दशकाच्या मध्यापर्यंत व्हायचे आहे. पण आजच्या शाखेवर सहा डब्यांची, चालक असलेली, प्रत्येक डब्याला एका बाजूस चार दारे असलेली गाडी धावते. नव्या मार्गिकेची गाडी चार डब्यांची, चालकविरहित आणि पाच दारांची आहे. म्हणजे फलाटावरील सरकते दरवाजेसुद्धा बदलावे लागणार.

भुयार कोणाच्या मालकीच्या जमिनीखालून जाते, हा प्रश्नही 2015 मध्ये कायद्याने स्पष्ट केला गेला : सर्वसाधारणपणे भूधारकाचा हक्क सिंगापूरच्या प्रमाण उंचीपातळीखाली 30 मीटरपर्यंतच, त्याखालचे सरकारचे. रेल्वेबांधकामाच्या कडेपासून 40 मीटरपर्यंतचा पट्टा संरक्षित मानला जातो आणि त्यात खोदकामावर निर्बंध असतात. येथे घर घेणाऱ्या आपल्या वाचकांचे वकील खरेदीपूर्वी जी चौकशीपत्रे पाठवतात, त्यांपैकी एक रेल्वेच्या प्रस्तावित रेषांविषयीचे असते. बहुतेक जण त्याच्या उत्तरावर नजरही टाकत नाहीत. ते एकदा स्वतः वाचावे, विशेषतः घर बुकित तिमा रस्त्यालगत किंवा चांगीच्या परिसरात असेल तर.