चूल आणि स्त्रीचे हृदय

हृदयविकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छातीवर हात दाबून धरलेला मध्यमवयीन पुरुष उभा राहतो. भित्तिपत्रकांवरून हेच चित्र आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. मग स्त्रियांचे काय? हा प्रश्न जगाला बराच उशिरा पडला.

१९६४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे हृदयविकारावर खास स्त्रियांसाठी एक मोठी परिषद भरली. विषय मात्र होता पतीच्या हृदयाची काळजी पत्नीने कशी घ्यावी हा! अ‍ॅस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहणारा तिथला गाजलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष. १९९१ मध्ये डॉ. बर्नाडीन हीली यांनी या दुर्लक्षावर बोट ठेवले. २००२ पासून तिथे लाल पोशाखाचे चिन्ह घेऊन जनजागृतीच्या मोहिमा सुरू झाल्या. झटका आला की स्त्रियांच्याही छातीत दुखतेच. पण धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, कमालीचा थकवा ही लक्षणे त्यांच्यात अधिक आढळतात आणि ती अंगावर काढली जातात, हे या मोहिमांनी लोकांना सांगितले.

आपल्याकडे स्त्रीच्या हृदयाचा विचार याआधीच, एका वेगळ्या वाटेने सुरू झाला होता. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती या देशातील पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. १९५९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या आजारातून उद्भवणारा हा हृदयविकार फारसे धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही आढळत होता, आणि तोही पुरुषांपेक्षा कमी वयात. संशय गेला तो गोवऱ्या-लाकडांच्या धुरावर.

हे घडते कसे? लाकूड अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वर्षानुवर्षे असे झाले की फुप्फुसे निकामी होऊ लागतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. त्यांतून रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या जवनिकेला जादा जोर लावावा लागतो. ती मोठी होते आणि अखेर थकते. मग पायांवर सूज येते, चालताना धाप लागते.

आता नंदुरबारकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर ज्वारी-मक्याची भाकरी लाकडाच्या चुलीवर भाजली जाते, आणि चुलीपुढे बसते ती घरातली बाई.

चूल सुधारण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुनेच. वर्ध्याच्या मगनवाडीची ‘मगन चूल’ प्रसिद्ध आहे. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. पण प्रचाराचा मोठा भर लाकूड वाचवण्यावर होता. धुराड्यात काजळी साचली, चूल फुटली की दुरुस्ती होत नसे. बाई पुन्हा तीन दगडांकडे वळे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी स्त्रीच्या नावावर मिळू लागली. तरीही सिलिंडर पुन्हा भरायचा खर्च आणि अंतर यांमुळे चूल विझत नाही. या मोहिमा हृदयाच्याही होत्या, असे मात्र कोणी फारसे म्हटले नाही.

आज आशा कार्यकर्ती तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी एक तपासणी-यादी भरते. तीत तंबाखू, कमरेचा घेर यांच्याबरोबर ‘स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता?’ हाही प्रश्न असतो. दिल्लीत पडलेला प्रश्न पाड्यापर्यंत यायला इतकी वर्षे लागली.

शिक्षक मित्रहो, २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. त्या सुमारास हृदयाचा पाठ शिकवताना एक प्रयोग करून पाहा. पांढऱ्या फडक्याचे दोन तुकडे घ्यावेत; एक चुलीजवळ, एक अंगणात आठवडाभर टांगून ठेवावा आणि मग दोन्ही वर्गात आणून शेजारी शेजारी लावावेत. मुलांना एवढेच विचारा: पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना आई मध्येच थांबते का? थांबत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जायला सांगा.