आपल्याच खेळाडूंवरचा कर : ओक्लाहोमा सिटी, २०१२

१/ २७ ऑक्टोबर २०१२. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचा नवा हंगाम अवघ्या तीन दिवसांवर आला होता. चारच महिन्यांपूर्वी अंतिम फेरीत खेळलेल्या ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाने त्या रात्री आपला २३ वर्षांचा खेळाडू जेम्स हार्डन ह्यूस्टन रॉकेट्सच्या स्वाधीन केला. त्याला दुखापत झालेली नव्हती आणि त्याचा खेळही उतरणीला लागलेला नव्हता. निर्णयाचे मूळ होते एका कररचनेत.

२/ हा संघ विकत आणलेला नव्हता, घडवलेला होता. एनबीएत दरवर्षी नवोदितांची ‘ड्राफ्ट’ ही निवडप्रक्रिया होते. व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी तीतूनच २००७ मध्ये केव्हिन ड्युरँट, २००८ मध्ये रसेल वेस्टब्रुक व सर्ज इबाका आणि २००९ मध्ये हार्डन यांना निवडले. २००८ मध्ये हा संघ सिएटलहून ओक्लाहोमात आला. जून २०१२ मध्ये अंतिम फेरीत मायामीकडून ४-१ असा पराभव झाला, तेव्हा या चौघांपैकी एकाचेही वय २३ च्या पुढे नव्हते.

३/ असा संघ का मोडला गेला, हे कळण्यासाठी १९८३ पर्यंत मागे जावे लागते. अनेक संघ तेव्हा तोट्यात होते. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार झाला : उत्पन्नाचा ५३ टक्के वाटा खेळाडूंना मिळेल आणि त्या बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा येईल. हीच ‘सॅलरी कॅप’. १९८४-८५ मध्ये ती ३६ लाख डॉलर होती.

४/ या मर्यादेला एक दार मात्र मुद्दाम उघडे ठेवले होते. बाहेरचा खेळाडू घ्यायचा असेल तर मर्यादा पाळा. पण स्वतःचाच खेळाडू टिकवायचा असेल तर ती ओलांडण्यास मुभा आहे. बोस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्ड या महान खेळाडूच्या नावावरून ही सवलत ‘बर्ड अपवाद’ म्हणून ओळखली जाते. तिच्यामागचा विचार सरळ होता. प्रेक्षक ज्यांच्यावर जीव लावतात, ते खेळाडू केवळ हिशेबापायी दुरावू नयेत.

५/ दार उघडे असल्यावर त्यातून काय काय जाईल, याला धरबंध उरत नाही. १९९७-९८ मध्ये संघाची वेतनमर्यादा २ कोटी ६९ लाख डॉलर होती आणि एकट्या मायकेल जॉर्डनचे वेतन ३ कोटी ३१ लाख! १९९७ मध्येच मिनेसोटाने २१ वर्षांच्या केव्हिन गार्नेटशी सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाखांचा करार केला. मालकाने काही वर्षांपूर्वी अख्खा संघ याहून कमी किमतीत घेतला होता.

६/ मालकांनी १ जुलै १९९८ रोजी टाळेबंदी पुकारली. जानेवारी १९९९ मध्ये तडजोड झाली आणि ८२ सामन्यांचा हंगाम ५० सामन्यांवर आला. वैयक्तिक वेतनाला कमाल मर्यादा लागली आणि ‘लक्झरी टॅक्स’ जन्माला आला. सॅलरी कॅपच्या वर आणखी एक रेषा आखली गेली. ती ओलांडल्यास प्रत्येक जादा डॉलरमागे एक डॉलर कर द्यायचा.

७/ प्रत्यक्ष वसुली २००२-०३ पासून झाली. तेव्हा ही रेषा ५ कोटी २९ लाख डॉलरवर होती. वसूल झालेल्या रकमेतून रेषेखाली राहिलेल्या संघांना वाटा मिळे. म्हणजे रेषा ओलांडणाऱ्याचे नुकसान दुहेरी होते : कर भरायचा, आणि वाट्यालाही मुकायचे.

८/ येथे दोन नियम एकमेकांसमोर उभे राहतात. १९८३ चा नियम सांगतो, ‘आपली माणसे राखा.’ १९९९ चा नियम सांगतो, ‘राखा, पण त्याची किंमत मोजा.’ हा कर खेळाडू कुठून आला हे पाहत नाही. दुसऱ्याचा तारा पळवून आणणारा आणि १९ वर्षांच्या मुलाला हाताशी धरून घडवणारा, दोघांनाही दर एकच.

९/ २०११ मध्ये पुन्हा टाळेबंदी झाली. नव्या करारानुसार २०१३-१४ पासून कर टप्प्याटप्प्याने चढणार होता : पहिल्या ५० लाखांवर डॉलरमागे दीड डॉलर, पुढील ५० लाखांवर पावणेदोन, त्यापुढे अडीच, मग सव्वातीन. रेषा दीड कोटीने ओलांडली तर जुना कर दीड कोटी होता. नवा झाला २ कोटी ८७ लाख ५० हजार. वारंवार ओलांडणाऱ्यास डॉलरमागे आणखी एक डॉलर दंड.

१०/ हार्डनचा नवा करारही नेमका २०१३-१४ पासूनच लागू व्हायचा होता. ड्युरँट आणि वेस्टब्रुक यांचे मोठे करार आधीच झाले होते. ऑगस्टमध्ये इबाकाशीही चार वर्षांचा करार झाला. नवोदितांचे वेतन ठरावीक आणि कमी असते. ती सवलतीची वर्षे संपत आली की चांगल्या निवडीचे बिल एकदम हाती येते. थंडरचे बिल आले होते.

११/ चर्चेत आलेल्या आकड्यांनुसार थंडरने हार्डनला चार वर्षांसाठी सुमारे साडेपाच कोटी डॉलर देऊ केले. चार वर्षांचा कमाल करार सुमारे ६ कोटींचा होता. म्हणजे वाद वर्षाला साडेबारा लाखांच्या आतबाहेरचा; पण वाढीव कर धरल्यास मालकाला तो कितीतरी पटींनी महाग पडणार होता. ह्यूस्टनने त्याला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलर दिले.

१२/ प्रेस्टी यांची बाजू नोंदवली पाहिजे. शहर लहान, प्रक्षेपणाचे स्थानिक उत्पन्न मर्यादित. करार न होता हार्डन पुढच्या उन्हाळ्यात गेला असता, तर हाती काहीच उरले नसते. बदल्यात केव्हिन मार्टिन व जेरेमी लॅम्ब हे खेळाडू आणि ड्राफ्टमधील निवडीचे हक्क मिळाले. त्यांतील एका हक्कातूनच पुढे स्टीव्हन अ‍ॅडम्स आला.

१३/ पण दुसरे मार्गही होते. हार्डन आणखी एक हंगाम जुन्या, कमी वेतनावर खेळणार होता. त्यानंतर दुसऱ्या संघाने देऊ केलेला करार तितक्याच रकमेत आपल्याकडे ओढण्याचा हक्कही थंडरकडे होता. शिवाय २०११ च्या करारात ‘अ‍ॅम्नेस्टी’ ही तरतूद होती : एका खेळाडूला मुक्त करा, त्याचे वेतन द्या, पण ते करात धरले जाणार नाही. केंड्रिक पर्किन्ससाठी ती वापरता आली असती. थंडरने ती वापरली नाही.

१४/ इतिहासात जर-तरला स्थान नसते, असे म्हणतात. घडले ते इतके : २०१३ मध्ये वेस्टब्रुक जायबंदी झाला आणि संघ दुसऱ्या फेरीत हरला. २०१६ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ अशी आघाडी असूनही मालिका गेली आणि ड्युरँट त्याच गोल्डन स्टेटकडे निघून गेला. ड्युरँट २०१४ चा, वेस्टब्रुक २०१७ चा आणि हार्डन २०१८ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिघांना एकत्र विजेतेपद कधीच मिळाले नाही.

१५/ आणि कर? तो टळलाच नाही. ड्युरँट गेल्यावर उरलेला संघ सावरण्यासाठी थंडरने २०१८-१९ मध्ये सुमारे ६ कोटी डॉलर कर भरला. तो संघ पहिल्याच फेरीत पोर्टलँडकडून ४-१ असा हरला. चढत्या काळात जो कर भरण्याची तयारी नव्हती, तोच उतरत्या काळात भरावा लागला.

१६/ धनवानांना हा कर रोखू शकला का? २०१३-१४ मध्ये ब्रुकलिनने ९ कोटी डॉलरहून अधिक कर भरून गार्नेटसारखे उतारवयातील तारे जमवले आणि संघ दुसऱ्या फेरीत गारद झाला. २०२१-२२ मध्ये गोल्डन स्टेटने सुमारे १७ कोटी कर भरला आणि विजेतेपद पटकावले. पण त्या संघाचा कणा असलेले करी, थॉम्पसन आणि ग्रीन हे त्यांनी स्वतः ड्राफ्टमधून घडवलेले खेळाडू होते. ओक्लाहोमात जे मोडले, ते येथे टिकले. फरक मालकाच्या तिजोरीचा होता.

१७/ म्हणून २०२३ च्या करारात आणखी वर ‘सेकंड एप्रन’ ही रेषा आली. ती ओलांडणाऱ्याला केवळ पैशाचा दंड नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीवर आणि भविष्यातील निवडीच्या हक्कांवरही बंधने. २०२४ चा विजेता बोस्टन या रेषेपलीकडे होता. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने जरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना निरोप दिला. टेटमच्या गंभीर दुखापतीने निर्णय सोपा केला असेल; पण रेषेचा धाक त्याआधीपासूनच होता. ज्या बर्डच्या नावाने ‘आपली माणसे राखण्याची’ सवलत ओळखली जाते, त्याच्याच संघाची ही कथा.

१८/ त्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, ओक्लाहोमा सिटीने अखेर विजेतेपद जिंकले. व्यवस्थापक तेच, सॅम प्रेस्टी. संघ पुन्हा तरुण, आणि त्यातले तीन तारे पुन्हा एकाच वेळी महाग होणारे : शे गिल्जस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स, चेट होल्मग्रेन.

१९/ जुलै २०२५ मध्ये तिघांशीही दीर्घ मुदतीचे करार झाले. या वेळी कोणालाही ह्यूस्टनला पाठवले गेले नाही. त्यांतील दोघांचे वाढीव वेतन २०२६-२७ पासून सुरू होते. २०१२ मध्ये समोर आलेली रेषा पुन्हा समोर आहे, आणि आता तिच्या वर आणखी एक रेषा आहे. (समाप्त)