सहा चुकांची मुभा

फोनचा पिन लागोपाठ चुकला की फोन आपल्याला थोडा वेळ थांबवतो. तिथे हिशेब सोपा असतो, कारण फोन एकाच हातात असतो. दूरच्या सर्व्हरला मात्र दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. मग चुका मोजायच्या कुणाच्या नावावर?

1979 साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या पासवर्डांवर एक लेख लिहिला. त्यांनी तपासलेल्या 3,289 पासवर्डांपैकी 86 टक्के फार छोटे किंवा सहज ओळखता येतील असे निघाले. त्यांचा उपाय असा, की पासवर्ड पडताळण्याचं गणितच मुद्दाम संथ करायचं, म्हणजे प्रत्येक अंदाज महाग पडेल. पण ही पद्धत पासवर्डची पहिली 8 अक्षरंच बघायची. पुढे काहीही टाइप करा, फरक पडत नसे.

2 नोव्हेंबर 1988 ला या मॉरिस यांच्याच मुलाने, कॉर्नेलमध्ये शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिसने, इंटरनेटवर एक वर्म सोडला. इतर युक्त्यांसोबत त्याच्याकडे 432 शब्दांची यादी होती. तेव्हा पासवर्डची कूटबद्ध फाइल त्या मशीनवर कुणालाही वाचता येई. त्यामुळे वर्म आत शिरला की तिथेच बसून अंदाज ताडून बघायचा, आणि जुळलेल्या पासवर्डने पुढचं मशीन गाठायचा. लॉगिनच्या दारावर कितीही कडक पहारा असता, तरी त्याने मोजलं काय असतं? पुढे या फाइली सामान्य वापरकर्त्यांच्या नजरेआड गेल्या.

तरी टेलनेटसारख्या सेवा पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच पाठवत होत्या. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर तातू इलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच लिहिलं. 1999 च्या डिसेंबरात ओपनबीएसडी 2.6 सोबत ओपनएसएसएच आलं आणि हळूहळू बहुतेक सर्व्हरांवर पोचलं. त्यात एका कनेक्शनला 6 चुकांची मुभा होती. 2004 च्या 3.9 आवृत्तीपासून हा आकडा बदलता येऊ लागला.

सहाचा नियम स्पष्ट वाटतो, पण चूक कशाला म्हणायचं? तुमच्याकडे सात-आठ डिजिटल किल्ल्या असतील, तर एसएसएच त्या एकेक करून दाखवतं. नाकारलेली प्रत्येक किल्ली ही एक चूक. खरी किल्ली सातवी असेल, तर मालकच बाहेर.

चोराला मात्र 2015 मध्ये वाट सापडली. 6.9 पर्यंतच्या आवृत्त्यांत, पासवर्ड प्रश्नोत्तराच्या पद्धतीने विचारला जात असेल, तर एकाच पद्धतीचं नाव हजारो वेळा लिहून पाठवता येई. सहाची मर्यादा बाजूला राहायची आणि उरायची फक्त वेळेची, मुळात दोन मिनिटांची. फ्रीबीएसडीवर ही प्रश्नोत्तराची पद्धत आधीपासूनच चालू असायची. ऑगस्टमध्ये 7.0 ने भोक बुजवलं. काही लिनक्स वितरणांनी मात्र जुन्या आवृत्तीलाच ठिगळ लावलं. त्यामुळे नुसता आवृत्तीचा आकडा बघून सर्व्हर सुरक्षित आहे की नाही ते कळेना. सेटिंगमध्ये सगळीकडे 6 च लिहिलेलं, पण त्याचा अर्थ प्रत्येक मशीनवर वेगळा.

शिवाय सहा चुका झाल्या की नवं कनेक्शन उघडून पुन्हा सहा करता येतातच. म्हणून 2024 च्या जुलैत आलेल्या 9.8 ने हिशेब कनेक्शनवरून पत्त्यावर नेला. वारंवार चुकणाऱ्या आयपी पत्त्याला आता काही काळ दारातच अडवलं जातं.

पण हॉस्टेलच्या वायफायवरचे शंभर जण बाहेर बहुधा एकाच पत्त्याने दिसतात. त्यातल्या एकाच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला आणि तो रात्रभर कुठल्या तरी सर्व्हरवर अंदाज मारत बसला, तर त्याच सर्व्हरवर प्रोजेक्ट जमा करायला आलेल्या शेजारच्या खोलीतल्या मुलीलाही दार बंद मिळू शकतं. तिने पासवर्ड एकदाही चुकवलेला नसतो.